चार गॅलनचा डबा आणि वाळवंटाचा हिशोब

यावेळचा शनिवार-रविवार एका डब्याच्या मागे गेला. डबा म्हणजे जेवणाचा नव्हे, पेट्रोलचा.

त्याची सुरुवात जुनी आहे. २००८ च्या डिसेंबरात मी आणि माझा एक मित्र जोधपूरपर्यंत गाड्या ट्रेनने टाकून, तिथून जैसलमेर-रामगड-तनोट असे बुलेटवर गेलो होतो. आता दोन सॉफ्टवेअरवाले म्हटल्यावर आधी काय होणार? एक्सेल शीट! टाकीत १४ लिटर, अ‍ॅव्हरेज लिटरला २८-३० किलोमीटर, म्हणजे एका टाकीत साधारण ४०० किलोमीटर. रामगडच्या पुढे पंपाचा भरवसा नाही असं कुणीतरी सांगितलेलं, म्हणून जादा ५ लिटर सोबत. पाणी माणशी ४ लिटर. सगळं कॉलमात नीट बसलं होतं. कॉलमात नव्हता तो कॅन. तो आम्ही इंजिन ऑइलचा रिकामा प्लॅस्टिकचा घेतला, फुकट मिळाला म्हणून. दुपारच्या उन्हात आतलं पेट्रोल फुगलं, झाकणाच्या आट्यांतून झिरपायला लागलं, आणि तनोटला सॅक उघडली तेव्हा कपडे, नकाशा, आईने दिलेल्या दशम्या, सगळ्याला पेट्रोलचा वास. निम्मं पेट्रोल हवेत उडालेलं. दशम्या तरीही खाल्ल्या, ते सोडा.

तेव्हा हसून विसरलो. पण मागच्या महिन्यात लिबियाच्या वाळवंटातल्या युद्धाबद्दल वाचताना लक्षात आलं की आमची ती चूक एका अख्ख्या साम्राज्याने, कित्येक वर्षं, लाखो डब्यांच्या प्रमाणात केली होती. आणि त्यांचं नुकसान दशम्यांवर भागलं नव्हतं.

आधी थोडं गणित. (कंटाळा असेल त्यांनी पुढचे दोन परिच्छेद सोडावेत. पण सोडू नका, मजा आहे.)

समजा वाळवंट तुमच्या टाकीपेक्षा मोठं आहे आणि वाटेत पंप नाही. काय कराल? वाटेत स्वतःच पेट्रोल ठेवून याल. टाकी भरून निघायचं, एक तृतीयांश टाकी जाळत पुढे जायचं, एक तृतीयांश तिथे डब्यात ठेवायचं आणि उरलेल्या एक तृतीयांशावर परत यायचं. मग दुसरी टाकी भरून निघालात की त्या ठिकाणी पोचेपर्यंत दोन तृतीयांश शिल्लक, त्यात ठेवलेलं ओतलं की टाकी फुल्ल! म्हणजे दोन टाक्या जाळून तुम्ही गेलात फक्त १ + १/३ टाकी. तिसरी टाकी त्यात १/५ ची भर घालते, चौथी १/७ ची. ही बेरीज कधीच थांबत नाही, म्हणजे कितीही मोठं वाळवंट तत्त्वतः पार करता येतं. पण ती इतकी हळू वाढते की रडू यावं. आमच्या बुलेटवर ८०० किलोमीटरला ८ टाक्या, म्हणजे ११२ लिटर. १२०० किलोमीटरला ५७ टाक्या. १६०० ला ४१९ टाक्या, म्हणजे ५,८०० लिटरच्या वर पेट्रोल, एका बुलेटसाठी! एन. जे. फाइन या गणितज्ञाने १९४७ साली हे नीट मांडलं, 'जीप प्रॉब्लेम' या नावाने. जीप म्हणजे अर्थातच नुकत्याच संपलेल्या युद्धातली.

पण कोडं त्याहून बरंच जुनं आहे. शार्लमेन राजाच्या दरबारातला विद्वान अल्क्विन (मृत्यू ८०४) याच्या नावावर कोड्यांचा एक लॅटिन संग्रह आहे. त्यात एका उंटावर धान्य न्यायचंय. एकूण ९० मापं, अंतर ३० कोस, उंट एका वेळी ३० मापं उचलतो आणि दर कोसाला एक माप खातो. उत्तर येतं २०. म्हणजे ९० मधली ७० मापं उंटाच्याच पोटात. (त्याच्या उत्तरात परतीच्या वाटेवर उंट काहीच खात नाही. असा उंट मिळाला तर कळवा.)

आता हे कोडं प्रत्यक्ष जगलेली माणसं. राल्फ बॅगनॉल्ड हा ब्रिटिश सैन्यातला इंजिनियर. १९२० च्या दशकात कैरोला नेमणूक असताना सुट्टीत, स्वतःच्या पैशाने, मित्रांना घेऊन फोर्ड गाड्या वाळवंटात घालायचा. मधली काही वर्षं नोकरीनिमित्त हिंदुस्थानातही होता. थोडक्यात, हा आपल्यासारखाच वीकेंडवाला. फरक एवढाच की त्याने छंदातून वाळूच्या टेकड्या कशा बनतात आणि कशा सरकतात यावर १९४१ साली जे पुस्तक काढलं, ते आजही त्या विषयातलं मूळ पुस्तक मानतात.

त्याच्या युक्त्या बघितल्या की हात जोडावेसे वाटतात. रेडिएटरचं पाणी उकळून वाया जातं ना? त्याने वाफ नळीने गाडीच्या बाजूच्या डब्यात सोडली. तिथल्या पाण्यात ती निवते, आणि इंजिन थंड झालं की तेच पाणी आपोआप रेडिएटरमध्ये ओढलं जातं. एक थेंब वाया नाही. लोखंडामुळे चुंबकी होकायंत्र गाडीत फसवतं, म्हणून सूर्याच्या सावलीवर चालणारा होकायंत्र. रुतलेल्या चाकाखाली घालायला लोखंडी पन्हाळी. मूळ पन्हाळी पहिल्या महायुद्धातल्या खंदकांच्या छपरासाठी बनवलेल्या, त्याला त्या कैरोच्या भंगारवाल्याकडे मिळाल्या.

१९४० च्या उन्हाळ्यात इटली युद्धात उतरली तेव्हा याच छंदिष्ट मंडळींना हाताशी धरून बॅगनॉल्डने लाँग रेंज डेझर्ट ग्रुप उभा केला. सुरुवातीचे बहुतेक सैनिक न्यूझीलंडचे, शेतकरी घरातले. पुढे त्यात एक हिंदी तुकडीही आली, जाट, राजपूत, शीख आणि मुसलमान गस्ती असलेली. ट्रकमध्ये आठवडेच्या आठवडे पुरेल एवढं अन्न, पाणी, पेट्रोल. पाण्याचा रेशन माणशी दिवसाला ६ पाइंट, म्हणजे साडेतीन लिटरच्या आत, चहासकट. आमच्या एक्सेलमध्ये आम्ही ४ लिटर धरले होते, तेही डिसेंबरात!

आणि हे सगळं पेट्रोल कशात? तर चार गॅलनच्या, म्हणजे १८ लिटरच्या, पातळ पत्र्याच्या चौकोनी डब्यात. हा डबा तुम्ही ओळखता. आपल्याकडे रॉकेल यायचं तो डबा, ज्यात आजी पाणी तापवायची, ज्यात तुळस लावायचे, ज्याचा पत्रा उघडून गोठ्याला मारायचे. वाण्याकडचा तेलाचा १५ किलोचा डबा त्याच जातीचा. घरात एका जागी ठेवायला उत्तम. पण ट्रकमध्ये एकावर एक रचून दगडगोट्यांतून पाचशे मैल नेलात तर शिवणी उलतात, कोपरे फुटतात. ब्रिटिश सैनिक त्याला 'फ्लिमझी' म्हणायचे, म्हणजे लेचापेचा. तळापासून आघाडीपर्यंत पोचेतो तीसेक टक्के पेट्रोल गळून जायचं असे अंदाज आहेत. एक उपयोग मात्र सगळ्यांना मान्य होता. डबा अर्धा कापायचा, वाळू भरायची, वर पेट्रोल ओतून काडी लावायची आणि चहा ठेवायचा.

आता वरचं गणित आठवा. वाटेत तीस टक्के गळणार म्हणजे फक्त तीस टक्के जादा घेऊन भागत नाही. ते जादा पेट्रोल नेणारा ट्रकही पेट्रोल पितो, आणि त्याचेही डबे गळतात.

समोर जर्मनांकडे काय होतं? १९३७ च्या सुमारास श्वेल्म गावच्या म्युलर कारखान्यातल्या विन्त्सेंत्स ग्रुनफोगेलने काढलेला २० लिटरचा कॅन. दाबून काढलेले दोन अर्धे भाग, मध्ये एकच वेल्डिंगची शिवण. वर तीन मुठी, त्यामुळे एक माणूस मधली धरून उचलतो, दोघं दोन्ही बाजूंनी धरून नेतात, आणि रिकामे असतील तर एका हातात दोन येतात. बाजूंवर खोबणी दाबलेल्या, म्हणजे उन्हात पेट्रोल फुगलं तरी पत्रा ताण घेतो. मुठीखाली हवेचा कप्पा, भरलेला कॅन पाण्यावर तरंगतो. आट्यांचं झाकण नाही, खटक्याने बंद होतं. पाना नको, नाळकं नको. (माझ्या प्लॅस्टिकच्या कॅनची आठवण येऊन मला इथे खरंच लाज वाटली.) ब्रिटिश शिपाई जर्मनांना 'जेरी' म्हणत, म्हणून हा जेरीकॅन.

या कॅनच्या गोष्टीत आपला देशही येतो, तोही कसा बघा. पॉल प्लाइस नावाचा अमेरिकन इंजिनियर बर्लिनमध्ये काम करत होता. १९३९ च्या उन्हाळ्यात तो एका जर्मन सहकाऱ्याबरोबर खास बांधून घेतलेल्या गाडीतून हिंदुस्थानकडे निघाला. निघताना लक्षात आलं की अडीनडीला पाणी ठेवायची सोयच नाही! जर्मन मित्राने टेंपलहॉफ विमानतळावरच्या साठ्यातले तीन कॅन उचलून आणले. पुढे वाटेतच त्या जर्मनाला मायदेशी परत बोलावलं गेलं. जाण्यापूर्वी त्याने कॅन कसा बनवतात त्याचा सगळा तपशील प्लाइसला देऊन टाकला. प्लाइस एकटा कलकत्त्याला पोचला, गाडी तिथे ठेवली आणि अमेरिकेला गेला.

तिथे त्याने लष्कराला सांगितलं, तर उत्तर आलं, नमुना दाखवा. नमुने कलकत्त्यात! १९४० च्या उन्हाळ्यात गाडी बोटीने न्यूयॉर्कला आली, त्याने कॅन वॉशिंग्टनला पाठवला. तो बघून खात्याने ठरवलं की आपला पहिल्या महायुद्धातला दहा गॅलनचा डबाच बरा. नंतर एक कॅन मेरीलंडच्या लष्करी तळावर पोचला, तेव्हा त्याची नक्कल केली, पण शिवण बदलली, झाकण बदललं, आतलं अस्तर गाळलं. आता उघडायला पाना आणि ओतायला नाळकं हवं. आकार तेवढा तसाच. स्पेक समोर, चालता नमुना टेबलावर, आणि तरी जे चांगलं होतं तेच नेमकं काढलेलं. ऑफिसात अशा मीटिंगा ज्यांनी बघितल्यात त्यांना वेगळं सांगायला नको.

ब्रिटिशांनीही शेवटी अस्सल नक्कल केली, पण ते कॅन मुबलक मिळू लागेपर्यंत वाळवंटातलं युद्ध जवळपास संपत आलेलं. तोवर सैनिक जर्मनांचे पकडलेले कॅन जपून वापरत. अर्थात कॅन चांगला म्हणून जर्मन जिंकले असंही नाही. ट्रिपोली ते अल अलामीन रस्त्याने दोन हजार किलोमीटरच्या वर. रोमेलचे ट्रक आणायचे त्यातलं बरंचसं पेट्रोल स्वतःच पिऊन टाकायचे, अल्क्विनच्या उंटासारखे. म्हणून तर त्याला ब्रिटिशांची कोठारं हवी असायची. २१ जून १९४२ ला टोब्रुक पडलं तेव्हा त्याला तशी कोठारं मिळाली. आदल्या दिवशी हल्ल्याचा पहिला तडाखा ज्यांच्या मोर्चावर बसला ती मराठा पलटण होती, २/५ मराठा लाइट इन्फंट्री. त्यातले जे वाचले ते कैदेत गेले. त्यांच्याबद्दल स्वतंत्र लिहायला हवं.

पण सगळ्यात जास्त दिवस डोक्यात राहिली ती दुसरीच गोष्ट. जानेवारी १९४१ मध्ये डेझर्ट ग्रुपच्या गस्ती कैरोहून निघून लिबियाच्या पार दुसऱ्या टोकाला मुर्झुकवर छापा घालून आल्या. तिथवर पेट्रोल पुरणं शक्यच नव्हतं, ते फ्रेंचांनी टिबेस्टीच्या डोंगरातून चक्क उंटांवर पोचवलं. परतीत ३१ जानेवारीला जेबेल शरीफपाशी इटालियन तुकडीने एका गस्तीला गाठलं. ट्रक जळाले, बाकीचे निघून गेले, आणि चौघं खडकांत मागे राहिले. मूर, ईस्टन, विंचेस्टर आणि टाय. मूरच्या पायाला जखम, ईस्टनच्या गळ्याला. जवळ पाण्याचा एकच डबा, दोन गॅलनपेक्षा कमी पाणी, आणि डब्याला गोळीचं भोक. ते बुजवलं. अन्न नाही. शरण जायचं नाही असं ठरवून चौघं दक्षिणेला, ट्रकच्या चाकोऱ्या धरून, चालायला लागले.

टाय मागे पडला, तेव्हा त्याच्या वाटणीचं पाणी सापडलेल्या एका बाटलीत ओतून त्याच्याजवळ ठेवलं. त्या बाटलीत आधी काय होतं कोण जाणे, पाणी पिता येईना इतकं खारट झालं. सारा इथली विहीर इटालियनांनी आधीच बुजवलेली. एका फ्रेंच विमानाने त्यांना बघितलं, वरून लेमोनेडची बाटली टाकली, तर पडताना तिचं बूच निघालं आणि तळाशी घोटभर उरलं.

१० फेब्रुवारीपर्यंत फ्रेंचांच्या गाड्यांना एकेक जण सापडत गेला. टाय साराच्या झोपडीत, ईस्टन आणि विंचेस्टर वाटेत पडलेले. मूर सगळ्यात पुढे, एकटा, पायात जखम घेऊन अजून चालत होता. दहा दिवसांत २१० मैल. ईस्टन त्याच दिवशी गेला. बाकी तिघं वाचले.

मूरजवळ तो डबा शेवटपर्यंत होता का, हे मी शोधतोय. माझा प्लॅस्टिकचा कॅन मात्र अजून माळ्यावर आहे. परवा काढून हुंगला, सतरा-अठरा वर्षांनीही वास जात नाही.