मेंदूचे काप करणारे हात

ताजा मेंदू दह्याच्या गोळ्यासारखा मऊ असतो. सूक्ष्मदर्शकाखाली धरावा तर त्यात काही उमगत नाही. तो आधी रसायनात मुरवून घट्ट करावा लागतो, मग मेणात किंवा सेलॉइडिन या घट्ट होणाऱ्या द्रावणात बसवून त्याचे काप काढावे लागतात. काप रंगवायचे, काचेवर चढवायचे आणि प्रत्येकावर क्रमांक घालायचा. क्रमांक चुकला की पुढचे सगळे वाया. चेताविज्ञानाच्या प्रयोगशाळेतला संशोधन सहायक या कामातून घडला. मेंदूबद्दल विचार करणाऱ्यांची नावे इतिहासात राहिली; काप करणाऱ्यांची बहुधा राहिली नाहीत.

सुरुवातीला हे दोघे एकच होते. कामिल्लो गोल्जी याने १८७३ मध्ये पोटॅशियम डायक्रोमेट आणि सिल्व्हर नायट्रेट यांच्या साहाय्याने मोजक्याच चेतापेशी काळ्या करून दाखवणारी पद्धत प्रसिद्ध केली, तीही स्वतःच्या हाताने प्रयोग करून. सान्तियागो रामोन इ काहाल यानेही १८८८ च्या सुमारास बार्सिलोनात आपले काप आपणच रंगवले आणि आपणच चितारले. पण मायक्रोटोम हे काप काढण्याचे यंत्र सुधारत गेले, तसे एकट्याचे हात पुरेनासे झाले. चार्ल्स डार्विनचा मुलगा होरेस याच्या केंब्रिजच्या कंपनीने १८८५ मध्ये झोके घेणारा मायक्रोटोम बाजारात आणला. त्यातून मेणातले काप एकमेकांना चिकटून फितीसारखे क्रमाने बाहेर येत. एका मेंदूचे हजारो काप काढणे आता शक्य होते. ते काढणार कोण, हा प्रश्न उरला.

जर्मन संस्थांमध्ये त्या माणसाला ‘डीनर’, म्हणजे सरळ नोकर म्हणत. शेगडी पेटवणे, प्राण्यांना चारा-पाणी देणे, काचा धुणे आणि हात बसला की काप काढणे, ही सगळी कामे त्याच्याकडे. पद हलके असले तरी किल्ल्या, काचा आणि रसायनांच्या बाटल्या याच माणसाच्या ताब्यात असत. माद्रिदला काहालच्या संस्थेत याचा टोकाचा प्रत्यय आला. मेंदूतल्या मायक्रोग्लिया पेशींची ओळख पटवणारा पीओ देल रीओ-ओर्तेगा याचे तिथल्या पहारेकऱ्याशी बिनसले. प्रकरण काहालपर्यंत गेले आणि १९२० मध्ये बाहेर पडावे लागले ते रीओ-ओर्तेगाला. याच संस्थेत मानुएला सेर्रा ही तांत्रिक मदतनीस होती. बेडकाच्या ग्लिया, म्हणजे चेतापेशींना आधार देणाऱ्या, पेशींवरचा तिचा निबंध १९२१ मध्ये संस्थेच्या नियतकालिकात तिच्याच नावाने छापला गेला. त्या काळी मदतनीसाच्या वाट्याला हे क्वचित येई.

अल्बर्ट आइनस्टाइनच्या मेंदूची कथा अनेकदा सांगितली जाते. १९५५ मध्ये शवविच्छेदन करणाऱ्या टॉमस हार्वी याने तो काढून घेतला, त्याचे सुमारे २४० तुकडे केले आणि पुढे कित्येक वर्षे ते बरण्यांत सांभाळले. या कथेत मार्टा केलर मात्र सहसा येत नाही. फिलाडेल्फियात पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात या तंत्रज्ञ बाईंनी त्या तुकड्यांचे सेलॉइडिनमधले काप काढले आणि रंगवले. आज संग्रहालयात मांडलेल्या काचांच्या मागे काम आहे ते त्यांचे.

हे चित्र पालटलेले सर्वांत स्पष्ट दिसते ते केंब्रिजच्या रेण्वीय जीवशास्त्र प्रयोगशाळेत. १९६३ मध्ये सिडनी ब्रेनर याने तिथे एका मिलिमीटरभर लांबीच्या पारदर्शक अळीचा अभ्यास सुचवला. सीनोऱ्हॅब्डायटिस एलेगन्स हे तिचे नाव. ती मातीत, कुजक्या पाल्यात राहते आणि जिवाणूंवर जगते. तिच्या उभयलिंगी रूपात चेतापेशी मोजून ३०२. माणसाच्या मेंदूतल्या अब्जावधी पेशींपुढे हा आकडा हास्यास्पद वाटतो, पण ब्रेनरला तो हवा होता तो याच कारणाने: यादी संपेल असा प्राणी त्याला पाहिजे होता. कोणती पेशी कोणत्या पेशीला जोडलेली आहे, याचा संपूर्ण नकाशा करायचा होता.

अळीचे काप निकल टॉमसन काढत असे. मिलिमीटरचे वीस हजार भाग करावेत, त्यातल्या एका भागाइतका प्रत्येक काप पातळ. म्हणजे साधारण ५० नॅनोमीटर. असे काप ओळीने, एकही न गमावता, पाण्यावरून जाळीवर उचलायचे. त्या पट्टीत मध्येच एक घडी पडली किंवा धुळीचा कण बसला, तर तिथून जाणारा चेतातंतू कुठे गेला हे कळायला मार्ग उरत नाही. टॉमसनच्या हाताला त्या काळी तोड नव्हती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही. तरीही संपूर्ण नकाशा एकाच अळीचा झाला नाही. निरनिराळ्या अळ्यांचे चांगले निघालेले भाग जोडून तो पुरा करावा लागला.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने काढलेले फोटो नंतर एलिन साऊथगेट हिच्या टेबलावर येत. शाळा संपवून ती १९५६ मध्ये, सोळाव्या वर्षी, तंत्रज्ञ म्हणून केंब्रिजला रुजू झाली होती. चेतातंतूंचा जुडगा आडवा कापला की उसाच्या मोळीसारखी नुसती गोल तोंडे दिसतात. एका फोटोतले तोंड दुसऱ्या फोटोत कुठे आहे ते शोधायचे, त्याच्यावर शाईच्या पेनने क्रमांक घालायचा, मग तिसऱ्या फोटोत, मग चौथ्यात. शेजारच्या तंतूशी त्याची जोडणी दिसली की तीही नोंदवायची. हे काम संगणकावर सोपवण्याचा प्रयत्न आधी झाला होता. जॉन व्हाइट हा अभियंता त्यासाठीच आला होता. तेव्हाच्या यंत्राला ते पेलले नाही, आणि व्हाइटही साऊथगेटच्या बरोबरीने फोटो आणि पेन घेऊन बसला.

अळीच्या पोटाकडच्या चेतारज्जूचा नकाशा १९७६ मध्ये छापून झाला. घशाचा भाग डोना अल्बर्टसन आणि टॉमसन यांनी त्याच वर्षी वेगळा प्रसिद्ध केला. बाकीचा नकाशा रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात यायला १९८६ उजाडले. निबंध ३४० पानांचा होता. त्यात सुमारे ५,००० रासायनिक जोडण्या आणि ६०० विद्युत जोडण्या नोंदवल्या होत्या. पानांच्या वरच्या शीर्षकपट्टीवरून तो ‘अळीचे मन’ या नावाने ओळखला गेला. लेखकांचा क्रम पाहण्याजोगा आहे: व्हाइट, साऊथगेट, टॉमसन, ब्रेनर. आभाराच्या परिच्छेदात एका ओळीने आटोपता आली असती ती नावे इथे मुख्य ओळीत आली. २००२ चे नोबेल ब्रेनरला मिळाले ते अवयवांची वाढ आणि पेशींचे नियोजित मरण या कामासाठी. नकाशाला पारितोषिक मिळाले नाही.

साऊथगेटसारखी शाळेतून थेट येऊन त्याच बाकावर उभी हयात काढणारी माणसे पुढे विरळ होत गेली. आजचा संशोधन सहायक बहुधा पदवीधर असतो, त्याचा पगार एखाद्या प्रकल्पाच्या अनुदानातून निघतो आणि प्रकल्प संपला की जागाही संपते. अमेरिकेत वैद्यकीय शिक्षण किंवा पीएचडीपूर्वीची एक-दोन वर्षे अशी काढण्याची रीत पडली. भारतातले प्रोजेक्ट असिस्टंट आणि कनिष्ठ संशोधक यांची गत फारशी निराळी नाही. उंदरांची जनुकीय तपासणी, गोठवलेल्या मेंदूचे क्रायोस्टॅटवर काप, ईईजीची टोपी लावण्याआधी सहभागी व्यक्तीची लेखी संमती, नैतिकता समितीचे कागद, आणि मग संगणकावर आकड्यांची साफसफाई, असे आता कामाचे रूप आहे. याचा एक तोटा उघड आहे: हाताला वळण लागायला जितकी वर्षे लागतात, त्याच्या आत माणूस निघून जातो.

तंतूंचा माग काढण्याचे काम मात्र कमी झाले नाही, वाढले. उंदराच्या दृष्टिपटलातल्या ९५० पेशींचा जो नकाशा जर्मन गटाने २०१३ मध्ये छापला, त्यासाठी दोनशेहून अधिक विद्यार्थी तंतू आखायला बसवले होते. फळमाशीच्या मादीच्या संपूर्ण मेंदूचा नकाशा ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात १,३९,२५५ चेतापेशी आहेत. पहिली आखणी यंत्राने केली, पण यंत्र दोन तंतू एक करते किंवा एकाचे दोन करते, आणि तशा चुका शोधण्यासाठी अनेक देशांतले संशोधक, पगारी तपासनीस आणि हौशी स्वयंसेवक लागले.

केंब्रिजचे फोटो पुढे न्यूयॉर्कला अल्बर्ट आइनस्टाइन वैद्यकीय महाविद्यालयात गेले आणि तिथे त्यांच्या संगणकीय प्रती झाल्या. २०१९ मध्ये स्कॉट एमन्स याच्या गटाने त्यातले जुने काप संगणकाच्या मदतीने पुन्हा वाचले आणि अळीच्या दोन्ही लिंगांचे नकाशे नव्याने मांडले. जुन्या प्रतींवर तंतूंच्या गोल तोंडांशेजारी पेनाने घातलेले क्रमांक तसेच आहेत.