चार महिन्यांचा कारखाना

जुन्या जिनची इमारत माडीची असायची. वर यंत्रांची रांग, आणि यंत्रापुढे उभी राहून ओंजळी-ओंजळीनं कापूस घालणाऱ्या बायका. रुई पुढे यायची, सरकी खाली बोळात पडायची. त्याच बोळातून, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, एक लोखंडी शाफ्ट फिरायचा. इंजिन एक, शाफ्ट एक, आणि त्यावरून प्रत्येक यंत्राला गेलेला पट्टा. खाली सरकीचा ढीग वाढू दिला की वरचं काम अडायचं, म्हणून ती सारखी ओढून काढावी लागे. हे काम बायका आणि पोरं करत. उजेड कमी, नाकातोंडात रुईची भुकटी, आणि हाताच्या अंतरावर फिरता शाफ्ट. लुगड्याचा पदर नाहीतर सुटलेली वेणी त्याला लागली की सोडवायला वेळच नसे. इंजिन दुसऱ्या खोलीत. आरडाओरडा तिथं पोचून वाफ बंद होईस्तोवर जे व्हायचं ते होऊन जाई.

मी अकोल्यात कामगारांच्या नुकसानभरपाईच्या केसेस चालवल्या. कारखान्यांच्या नियमांच्या पुस्तकात जिनिंगसाठी एक खास नियम आहे: शाफ्ट जमिनीच्या पातळीखाली असेल तर त्याला सलग भिंत किंवा चढता येणार नाही असं कुंपण हवं, सरकी काढायला, साफसफाईला आणि तेल द्यायला लागतील तेवढीच दारं ठेवायची, आणि ती बंद करून कुलूप लावायचं. वकिलीच्या सुरुवातीला मला हा नियम फार कीस काढणारा वाटे. पुढे एका म्हातारीनं मला तो बोळ तोंडी दाखवला. ‘‘पदर कमरेले करकचून खोसाचा, केसाले फडकं बांधाचं, अन् शाफ्टाकडे पाठ करून बसाचंच नाही,’’ ती म्हणाली. कुलूप होतं का, असं विचारलं तर हसली. ‘‘कुलूप लावलं तं सरकी कोन काढीन, वकीलसाहेब?’’

वऱ्हाडात ही यंत्रं आली ती कापसाच्या मागून. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस अडला आणि मँचेस्टरची नजर आमच्या काळ्या मातीवर पडली. मुंबईहून निघालेली रेल्वे 1867 मध्ये बडनेरा ओलांडून नागपूरला पोचली. 1870 मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावची शाखा उघडायला आले. फोन्स मॅकार्थी नावाच्या अमेरिकनानं 1840 मध्ये पेटंट घेतलेलं रोलरचं जिन इथल्या आखूड धाग्याच्या कापसालाही मानवलं. अमरावती, अकोला, अकोट, दर्यापूर, मूर्तिजापूर, कारंजा, खामगाव, जिथं बाजार तिथं धुराडं उभं राहिलं. हंगाम दिवाळीनंतर भरात येई आणि होळीच्या पुढेमागे ओसरे.

आणि इथेच कायद्यानं पळवाट ठेवली. हिंदुस्थानातला पहिला फॅक्टरी ॲक्ट 1881 चा. त्यात धोक्याच्या यंत्राला कुंपण होतं, अपघाताची वर्दी होती, सात वर्षांखालच्या पोरांना कामावर घ्यायला मनाई होती. पण तो लागू कुठं? वाफेसारख्या शक्तीवर चालणाऱ्या, शंभर किंवा जास्त माणसं असलेल्या आणि वर्षातून किमान चार महिने काम चालणाऱ्या कारखान्याला. मुंबईच्या गिरणीला हे माप बरोबर बसलं. जिनवाल्याला फक्त दिवस मोजायचे होते. वऱ्हाड तर कागदावर निजामाचं आणि कारभारात इंग्रजांचं, म्हणजे ब्रिटिश हिंदुस्थानचा कायदा इथे आपोआप येत नसे, वेगळा हुकूम काढून आणावा लागे.

त्या चार महिन्यांत काय चाले याची साक्ष शेजारच्या खानदेशातून आली. 1884-85 च्या मुंबई फॅक्टरी कमिशनपुढे तिथल्या एका जिनचालकानंच सांगितलं, की कामाच्या गर्दीत तीच माणसं आठ-आठ दिवस रात्रंदिवस राबवली जातात, थकली की नवी आणली जातात, आणि अशा कामानं माणसं मरतात. त्यांना कामावर ठेवणाऱ्याचीच ही साक्ष. वऱ्हाडचे जिन याहून दयाळू होते असं मानायला मला काही आधार दिसत नाही.

1891 मध्ये कायदा सुधारला. शंभराचा आकडा पन्नासावर आला, पोरांचं वय नऊ झालं. चार महिन्यांची मेख मात्र राहिली. ती 1911 च्या कायद्यानं निघाली. म्हणजे तीस वर्षं, एक आख्खी पिढी, शाफ्टापाशी बसली आणि कायदा दाराबाहेर उभा होता. दरम्यान सरकार कापसाकडे दुर्लक्ष करत होतं असं कोणी म्हणू नये. कारंजाचा बाजार 1886 मध्ये नियंत्रणाखाली आला आणि 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा खास कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. वजन, दलाली, बाजाराचा कारभार, सगळ्याला नियम. तो कायदा चांगलाच होता. पण कापसाच्या गाडीला नियम मिळाला आणि तो कापूस यंत्रात घालणारीला आणखी चौदा वर्षं थांबावं लागलं.

1925 चा जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा काढून बघा. नव्या जिनला कापूस आत यायला आणि रुई बाहेर जायला वेगवेगळी दारं हवीत, प्रेसघराला फरशी हवी, गाठीवर प्रेसची खूण हवी. हे सारं भेसळ होऊ नये म्हणून. दोन दारांमुळे आग लागल्यावर पळायला दुसरी वाट मिळाली, हा वरचा फायदा. जिनमध्ये आगीला फार काही लागत नाही. कापसातून आलेली गारगोटी किंवा खिळा यंत्रात सापडून एक ठिणगी उडाली तरी पुरे. म्हणून फाटकावर बिडी-काडीपेटीची झडती होई. खिळ्याची झडती कोण घेणार?

1934 च्या फॅक्टरी ॲक्टमध्ये हंगाम पुन्हा आडवा आला. बारमाही कारखान्याला आठवड्याचे 54 तास, हंगामी कारखान्याला 60. कापूस थांबत नाही, हे कारण. 1948 चा कायदा बराच शहाणा होता. त्याच्या 27 व्या कलमात आमच्या भागातला अनुभव सरळ दिसतो: प्रेसमध्ये कापूस मोकळा करणारं यंत्र चालू असेल तिथं बाई किंवा मूल कामाला ठेवायचं नाही, कापूस घालायची बाजू छतापर्यंतच्या, किंवा इन्स्पेक्टर सांगेल तेवढ्या उंच आडभिंतीनं वेगळी केली असेल, तरच त्या बाजूला ठेवता येईल.

कोर्टात मात्र मला कुंपणापेक्षा 1923 च्या नुकसानभरपाई कायद्याचं परिशिष्ट जास्त भेटलं. त्यात माणसाच्या देहाचा दरफलक आहे. एका हाताची चारही बोटं गेली तर कमाईची शक्ती 50 टक्के गेली असं धरायचं, अंगठा 30, तर्जनी 14, मधलं बोट 12, करंगळी 7. या आकड्यांवर वाद नसे. वाद असे तो बाई कामावर होती का यावर. हजेरीपटावर नाव नाही, ती ठेकेदाराची, ठेकेदार हंगाम संपल्यावर गावी गेलेला. कायद्याच्या 12 व्या कलमानं मूळ मालक जबाबदार ठरे, पण ते सिद्ध करायला साक्षीदार लागे, आणि साक्षीदार बाईला पुढच्या दिवाळीला त्याच फाटकावर उभं राहायचं असे. मग दुसरा बचाव: यंत्रावरची जाळी तिनंच काढली होती. मृत्यू झाला तर हा बचाव चालत नाही. बोटं गेली तर चालतो. मी यात हरलोही आहे.

बोळ आणि पट्टे हटले ते बऱ्याच अंशी 2000 सालच्या कापूस तंत्रज्ञान मिशनमुळे. जिनचं आधुनिकीकरण करायला अनुदान आलं. कापूस हवेनं ओढणारे नळ, सरकी वाहून नेणारे कन्व्हेअर, पक्का ओटा, आगीच्या पाण्याची सोय झाली. हेतू पुन्हा तोच, रुईत कचरा, दोरे, केस येऊ नयेत. बाईचे केस रुईत सापडू नयेत म्हणून तिचे केस यंत्रापासून लांब गेले. मला हेतूशी भांडायचं नाही, केस वाचले.

पण विमा पाहा. 1948 च्या कर्मचारी राज्य विमा कायद्यानं हंगामी कारखाने वगळले, आणि हंगामी म्हणजे काय त्याची यादी दिली: कापसाचं जिनिंग, कापूस किंवा तागाचं प्रेसिंग, शेंगा फोडणं, नीळ, लाख, गूळ, चहा. या यादीतल्या जिनला महिन्यांची अट नाही. तो आठ महिने चालो की दहा, नावानंच हंगामी. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही व्याख्या जशीच्या तशी उचलली आहे. नीळसुद्धा तशीच आहे, जिचा कारखाना माझ्या आजोबांनीही पाहिला नसेल.