डिझेल मोटारीचा सायलेन्सर बदलताना: ताकद, आवाज आणि कायदा

मोले-अनमोडमार्गे किंवा केरीहून चोर्ला घाट चढून गोव्यातून खानापूर तालुक्यात जाणाऱ्या वाहनांत डिझेलच्या मोटारी आजही मोठ्या संख्येने दिसतात. मारुतीने एप्रिल २०२० पासून डिझेल मोटारी बनविणे थांबविले असले, तरी तिच्या जुन्या स्विफ्ट व डिझायर रस्त्यावर आहेत. महिंद्रच्या बोलेरो, स्कॉर्पिओ आणि थार यांना तर या घाटांत उतार पडलेला नाही. अशा मोटारींचा कंपनीचा सायलेन्सर काढून त्याजागी बाजारातला ‘परफॉर्मन्स एक्झॉस्ट’ बसविण्याची हौस अलीकडे तरुण मालकांत वाढली आहे. घाटात गाडी हलकी चढेल, आवाज भारदस्त येईल आणि इंधनही वाचेल, अशी तिघांची आशा एकाच नळीवर ठेवली जाते. त्यातील कितपत खरे, हे समजण्यासाठी ही नळी काय काम करते ते आधी पाहिले पाहिजे.

सायलेन्सर हा शब्द आपण सरसकट वापरतो. प्रत्यक्षात ती एक लांब साखळी असते. सिलिंडरांतून निघालेला जळका वायू प्रथम मॅनिफोल्डमध्ये एकत्र येतो, तेथून टर्बोच्या चक्रावर आदळतो आणि टर्बोला लागून असलेल्या ‘डाउनपाइप’मधून खाली उतरतो. पुढे त्याच्या मार्गात उत्प्रेरक येतो आणि नव्या गाड्यांत काजळी अडविणारा गाळक, म्हणजे ‘डीपीएफ’, असतो. त्यानंतर मधली नळी, रेझोनेटर आणि मागच्या बंपरखालचा डबा. आपण ज्याला सायलेन्सर म्हणतो तो हा शेवटचा डबा. त्याच्या आत छिद्रे पाडलेल्या नळ्या आणि आवाज शोषणारे कप्पे असतात.

बाजारातले बहुतेक संच हा शेवटचा डबा आणि त्याच्या अलीकडची नळी बदलतात. पेट्रोल गाडीत त्याने आवाज पुष्कळ पालटतो. टर्बो असलेल्या डिझेल गाडीत तसे होत नाही, कारण टर्बोचे चक्र धुराच्या झोतावरच फिरते आणि झोतातले धक्के तेथेच बरेचसे विरतात. डिझेलचा ओळखीचा खडखडाट तर नळीतून येतच नाही. दाबलेल्या गरम हवेत इंधन एकदम पेट घेते, त्याचा तो आवाज असतो आणि तो इंजिनाच्या लोखंडातून थेट बाहेर पडतो. त्यामुळे महागडा डबा लावूनही मालकाच्या पदरी पुष्कळदा एक जाड घुमणारा सूर पडतो. मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास, म्हणजे नेमक्या महामार्गावरच्या स्थिर वेगात, तो गाडीच्या आत इतका घुमतो की फोंड्याहून बेळगावला पोहोचेपर्यंत डोके जड व्हावे.

ताकदीचे गणितही असेच आहे. डिझेल इंजिनाची ताकद मुख्यतः किती इंधन आत सोडले जाते आणि ते जाळायला टर्बो किती हवा पुरवतो यावर ठरते. हे प्रमाण गाडीचा संगणक ठरवतो. मागचा डबा मोकळा केला म्हणून संगणक एक थेंबही जास्त इंधन सोडत नाही. ‘थोडा बॅकप्रेशर लागतोच’ असे गॅरेजांत ऐकू येते, तेही टर्बो गाडीला लागू नाही. टर्बोच्या पुढे धुराला जितका कमी अडथळा तितके त्याला बरेच. तथापि कंपनीने नळीचा व्यास इंजिनाला पुरेल असाच ठेवलेला असतो, म्हणून शेवटच्या डब्यातून मिळणारा फायदा चालकाला जाणवण्याजोगा नसतो. घाटाचा मुद्दा निघतो म्हणून सांगायचे, तर खानापूर समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरांच्या आसपास आहे. तेथे हवेचा दाब पणजीपेक्षा सात-आठ टक्के कमी भरतो. ही तूट टर्बो स्वतःच भरून काढतो. त्यासाठी वेगळा सायलेन्सर लागत नाही.

खरा फरक पडतो तो डाउनपाइप बदलल्यास, आणि त्याच्या जोडीला संगणकातील इंधनाचे कोष्टक बदलल्यास, ज्याला गॅरेजवाले ‘रिमॅप’ म्हणतात. सारी अडचण इथेच आहे. ज्या जागी ताकद मिळते, त्याच जागी उत्प्रेरक आणि डीपीएफ बसलेले असतात. त्यांना हात न लावता फायदा नगण्य, आणि त्यांना हात लावला की गाडी बेकायदा. मधली वाट विकणारे पुष्कळ भेटतात. पण ती वाट बहुधा पोकळ केलेल्या गाळकातून जाते.

देशभर बीएस-४ मानके १ एप्रिल २०१७ पासून आणि बीएस-६ मानके १ एप्रिल २०२० पासून लागू झाली. डिझेल मोटारीला बीएस-४ मध्ये किलोमीटरमागे २५ मिलिग्रॅम कण सोडण्याची मुभा होती. बीएस-६ मध्ये ती ४.५ मिलिग्रॅमवर आली. नायट्रोजनच्या ऑक्साइडांची मर्यादा २५० वरून ८० मिलिग्रॅम झाली. इंधनातील गंधकही ५० वरून १० पीपीएमवर आणावे लागले. कणांची ही मर्यादा गाळकाशिवाय गाठता येत नाही. डीपीएफ म्हणजे मधाच्या पोळ्यासारखा सिरॅमिकचा ठोकळा. त्यातल्या नळ्यांची तोंडे एकाआड एक बंद केलेली असतात, त्यामुळे धुराला सच्छिद्र भिंतीतून पलीकडे जावे लागते आणि काजळी अलीकडे अडकते. ती साचली की संगणक धुराचे तापमान सहाशे अंशांच्या घरात नेऊन ती जाळतो. या क्रियेला ‘रिजनरेशन’ म्हणतात.

म्हापसा, मडगाव किंवा पणजी येथे रोज चार-पाच किलोमीटर जाऊन परतणाऱ्या गाडीत ही क्रिया पुरी होत नाही. अर्ध्यावर थांबलेल्या क्रियेतले जादा इंधन सिलिंडरच्या भिंतीवरून इंजिन ऑइलमध्ये उतरते, ऑइलची पातळी वाढते, फलकावर दिवा लागतो. मग कोणीतरी ‘डीपीएफ काढूनच टाका’ असा सल्ला देतो. वास्तविक खानापूरचा रस्ता हाच यावर साधा उपाय आहे. मोलेपासून अनमोडपर्यंतची चढण आणि पुढे लोंढ्याकडचा रस्ता, एवढ्या अंतरात इंजिनावर सलग भार राहतो, धूर तापतो आणि गाळक आपला आपण मोकळा होऊ शकतो. दिवा लागल्यावर पंधरा-वीस मिनिटे गाडी न थांबविता, योग्य गियरमध्ये फेऱ्या थोड्या वर ठेवून चालवावी. एवढे करूनही दिवा न विझल्यास सर्व्हिस सेंटरमध्ये यंत्र जोडून सक्तीचे रिजनरेशन करता येते, आणि राख साठून तुंबलेला गाळक काढून धुऊनही मिळतो. कमी राखेचे, कंपनीने सांगितलेल्या प्रतीचे ऑइल न वापरणे हे गाळक लवकर भरण्याचे एक मोठे कारण आहे; ते नव्या नळीने दूर होत नाही.

गाळक पोकळ केला की गाडीला त्रास दिसत नाही, म्हणून मालक समाधानी असतो. त्रास मागच्याला होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडविणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. घाटात मोटारींच्या मागून दुचाकीवर जाणारा कामगार किंवा जांबोटी-कणकुंबीच्या थांब्यावर बसची वाट पाहणारी शाळकरी मुले हा धूर थेट छातीत घेतात. चढणीवर भार जास्त, म्हणून काजळीही तेथेच जास्त. हा केवळ हौशी मालकांचा दोष म्हणता येत नाही. धूर मोजताना वेगळा आणि रस्त्यावर वेगळा सोडणारे सॉफ्टवेअर फोक्सवॅगनने बसविल्याचे २०१५ मध्ये उघड झाले. भारतात त्या समूहाला सुमारे ३ लाख २३ हजार मोटारी परत बोलवाव्या लागल्या. मार्च २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ५०० कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि कंपनी त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली. एवढ्या मोठ्या कारखान्याने केले ते गुन्हा ठरते, तर गॅरेजमध्ये लॅपटॉप जोडून केलेले तेच काम निर्दोष कसे ठरेल?

कायद्याविषयी एक गैरसमज सीमाभागात हटकून आढळतो. गोव्याची पाटी असलेली गाडी कर्नाटकात गेली, किंवा बेळगावची ‘केए-२२’ पाटीची गाडी गोव्यात आली, की नियम बदलतो असे काहींना वाटते. मोटार वाहन कायदा केंद्राचा आहे. राज्याराज्यांत जागेवर भरावयाच्या तडजोड शुल्काची रक्कम तेवढी बदलते. कलम ५२ प्रमाणे, नोंदणीतील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल मालकाला करता येत नाही. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ मालकांच्या दृष्टीने कडकच लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. आवाज व धुराची मानके मोडणारे वाहन सार्वजनिक ठिकाणी चालविल्यास कलम १९०(२) लागते: पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने परवान्यास अपात्रता.

पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीचा धूर मोकळ्या अवस्थेत ॲक्सिलरेटर दाबून मोजतात. प्रकाश शोषणाचा अंक बीएस-४ गाडीला १.६२ पर्यंत चालतो, बीएस-६ गाडीला ०.७ पर्यंतच. जुन्या गाडीला जी सूट मिळत होती ती नव्या गाडीला नाही, हे बदल करणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही. नव्या मोटारीच्या आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे. कान दहा डेसिबलची वाढ सुमारे दुप्पट आवाज म्हणून ऐकतो, म्हणून थोडासा मोकळा वाटणारा डबाही ही मर्यादा सहज ओलांडतो. अनमोडचा रस्ता गोव्याच्या बाजूस भगवान महावीर अभयारण्यातून जातो. सत्तरीत म्हादई आणि खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे. रात्रीच्या त्या रस्त्यांवर आवाजाची हौस कोणाला ऐकवायची असते, हे कोडेच आहे.

विम्याचाही विचार व्हावा. न कळविलेला बदल अपघातानंतर उघड झाला, तर विमा कंपनी दाव्यावर हरकत घेऊ शकते; वॉरंटी तर इंजिन आणि टर्बोपुरती हमखास अडचणीत येते.

तरीही सायलेन्सर बदलण्याची रास्त वेळ येतेच, आणि गोव्यात ती लवकर येते. किनाऱ्यावरची खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस नळीला बाहेरून खातो. थोड्या अंतराच्या फेऱ्यांत धुरातले पाणी आत साचून डबा आतूनही गंजतो. अशा वेळी मूळ भागाच्या तोडीचा, त्याच व्यासाचा आणि तेवढाच शांत डबा बसविण्यास हरकत नसते. आवडच असेल तर टोकाला स्टीलची चकचकीत टोपी लावावी; तिने ना आवाज बदलतो ना धूर. सुट्या नळीतून काम करून घ्यायचे असेल, तर बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्री आणि लेथचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि चांगला वेल्डर तेथे व खानापुरातही मिळतो. नळी वाकविताना आतला व्यास चेपू नये, एवढे त्याला आवर्जून सांगावे. चेपलेले एक वळण मूळ डब्यापेक्षा जास्त अडथळा करते. ३०४ प्रतीचे स्टेनलेस किनाऱ्यावर टिकते. ४०९ स्वस्त पडते आणि कंपन्याही ते वापरतात, पण त्यावर तांबूस गंज लवकर चढतो.

बसविताना इंजिन पूर्ण थंड असावे. गंजलेल्या नटांवर आदल्या रात्रीच गंज सोडविणारे तेल मारून ठेवावे, नाहीतर स्टड तुटतो आणि काम दुप्पट होते. जुने गॅस्केट पुन्हा वापरू नये. नळी लटकविणारी रबरे फुगलेली वा तडकलेली असल्यास तीही बदलावीत; नवा डबा जुन्या रबरावर टांगला की खड्ड्यात तो मागच्या ॲक्सलवर आपटतो. गाळकाच्या दोन्ही बाजूंच्या बारीक नळ्या आणि तापमानाचे सेन्सर जागचे हलवू नयेत. कंपनीने दिलेले उष्णतारोधक पत्रे कधीही काढून ठेवू नयेत. रिजनरेशन चालू असताना नळी भयंकर तापते, आणि मार्च-एप्रिलात घाटातल्या कोरड्या गवतावर अशी गाडी उभी करणे धोक्याचे असते. मार्च २०२३ मध्ये म्हादईसह गोव्याच्या जंगलांत लागलेल्या वणव्यांची आठवण अजून ताजी आहे.

सर्व क्लॅम्प प्रथम सैल ठेवून संपूर्ण साखळी सरळ रेषेत आणावी आणि मग पुढून मागे आवळत यावे. इंजिन चालू करून टोकाशी जाड कापड क्षणभर धरल्यास कोठे फुसफुस होते ते ऐकू येते. गळती असेल तर जोडाभोवती काजळीचा काळा वेढाही दिसू लागतो. पहिल्या घाटप्रवासानंतर धातू तापून-निवून थोडा बसतो, म्हणून खानापुरात पोहोचल्यावर गाडी तासभर निवू द्यावी आणि क्लॅम्प पुन्हा एकदा आवळून घ्यावेत.