शिलकीतला वेग

मदरबोर्डावर बारकाईनं पाहिलं की कुठेतरी एक चपटी, चकचकीत धातूची डबी दिसते. तिच्या आत गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्झचा, पातळ काप बसवलेला असतो. त्याला वीज दिली की तो थरथरतो, आणि दर सेकंदाला ठरावीक वेळाच थरथरतो. गारगोटीवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे पिएर आणि झाक या क्यूरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवलं. वीज दिली की ती आकार बदलते, हे पुढच्याच वर्षी सिद्ध झालं. 1927 मध्ये अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत वॉरन मॅरिसन आणि त्याच्या सहकाऱ्यानं या थरथरीवर चालणारं घड्याळ बांधलं. मनगटावरच्या साध्या क्वार्ट्झ घड्याळात हाच काप सेकंदाला 32,768 वेळा हलतो. कॉम्प्युटरमधला प्रत्येक ठोका अशाच एखाद्या कापापासून निघतो, मग त्याला कितीही पटींनी वाढवलेलं असो.

हा ठोका कंपनीनं लिहून दिलेल्या आकड्यापेक्षा जलद करायचा, म्हणजे ओव्हरक्लॉकिंग. त्यासाठी कुठला मदरबोर्ड आणि कुठला प्रोसेसर घ्यावा, हा प्रश्न उज्जैनच्या फ्रीगंजमधल्या दुकानांतही विचारला जातो आणि इंदूरच्या बाजारातही. त्याचं उत्तर दरवर्षी बदलतं. ते का बदलतं, हे या छंदाचा इतिहास पाहिला की कळतं.

वेळ मोजण्याचा विषय उज्जैनमध्ये निघाला की वेधशाळा टाळता येत नाही. भारतीय ज्योतिषगणितानं आपली मध्यरेषा याच गावावरून नेली. सवाई जयसिंह माळव्याचा सुभेदार असताना, अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, त्यानं क्षिप्रेकाठी यंत्रं उभारली. पुढे ती मोडकळीला आली. 1923 मध्ये माधवराव शिंद्यांनी त्यांचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे हे मराठी गणिती तिथले पहिले अधीक्षक झाले. तिथल्या सम्राट यंत्रावर मिनिटाच्या तिसऱ्या भागापर्यंत, म्हणजे 20 सेकंदांपर्यंत, खुणा आहेत. तेवढ्या अवधीत 5 गिगाहर्ट्झचा प्रोसेसर 10,000 कोटी ठोके मारून मोकळा होतो. यंत्रावर सावली दाखवते ती उज्जैनची स्थानिक वेळ. ती भारतीय प्रमाणवेळेच्या सुमारे 27 मिनिटं मागे असते, शिवाय ऋतूप्रमाणे थोडी सरकते. म्हणून शेजारी दुरुस्तीचा तक्ता लावलेला असतो. वाचलेला आकडा आणि खरा आकडा यांत फरक असतो, आणि तो किती हे माहीत असावं लागतं. प्रोसेसरवर छापलेल्या आकड्याकडेही मी याच नजरेनं पाहतो.

12 ऑगस्ट 1981 रोजी आयबीएमचा पहिला पीसी आला. त्यातला इंटेलचा 8088 हा प्रोसेसर 5 मेगाहर्ट्झला चालू शकत होता, पण आयबीएमनं तो 4.77 वर चालवला. कारण अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीत होतं. त्या टीव्हीच्या रंगसंकेताला 3.58 मेगाहर्ट्झचा ठोका लागतो. आयबीएमनं त्याच्या चौपट, म्हणजे 14.318 मेगाहर्ट्झचा गारगोटीचा एकच काप, म्हणजे क्रिस्टल, बसवला. चारानं भागून टीव्हीचा ठोका काढला आणि तीननं भागून प्रोसेसरचा. एका क्रिस्टलचा खर्च वाचला आणि प्रोसेसरची थोडी ताकद पडून राहिली. पीसीच्या जन्मापासूनच त्यात वापरात न आलेला वेग होता, तो असा.

तो वेग काढून घेण्याची खरी सुरुवात झाली 1984 च्या पीसी एटीपासून. त्यात 80286 हा प्रोसेसर 6 मेगाहर्ट्झला चाले. ठोका 12 मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलचा होता, आणि तो क्रिस्टल डाख देऊन जोडलेला नव्हता, खोबणीत बसवलेला होता. हौशी लोकांनी तो उपटला आणि 16 मेगाहर्ट्झचा बसवला. मशीन 8 मेगाहर्ट्झवर धावू लागलं. आयबीएमनं नंतरच्या बायोसमध्ये, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, वेग तपासणारी अट घातली. मशीन ठरल्यापेक्षा जलद आढळलं की ते सुरूच होईना. 1986 मध्ये कंपनीनं स्वतःच 8 मेगाहर्ट्झचं मॉडेल विकायला काढलं. गिऱ्हाइकानं शिल्लक शोधायची, कंपनीनं कुलूप लावायचं, मग तोच वेग नवं मॉडेल म्हणून विकायचा, हा क्रम इथे पहिल्यांदा दिसला. पुढे तो अनेकदा दिसतो.

आता ही शिल्लक येते कुठून? सिलिकॉनच्या एकाच गोल चकतीवर शेकडो चिप एकाच वेळी तयार होतात, पण त्या सारख्या निघत नाहीत. कुणी कमी व्होल्टेजवर जास्त धावते, कुणी लवकर तापते. कारखान्यात प्रत्येकीची चाचणी होते आणि निकालाप्रमाणे तिच्यावर वेग छापला जातो. हे मंडीतल्या शरबती गव्हाच्या प्रतवारीसारखंच आहे. फरक एवढाच की चिपच्या व्यापारात वरच्या प्रतीचा माल बरेचदा खालच्या प्रतीच्या नावानं जातो. कारखाना सुधारत गेला की बहुतेक चिप उत्तम निघतात, पण स्वस्त प्रोसेसरची मागणी तर कायम असते. मग उत्तम चिपवरच खालचा आकडा छापून ती विकावी लागते. शिवाय कंपनीला प्रत्येक देशाचा, प्रत्येक उन्हाळ्याचा, प्रत्येक हलक्या पॉवर सप्लायचा विचार करून आकड्यात सुरक्षिततेची जागा ठेवावी लागते. या दोन्हींचं मिळून जे उरतं, ते ओव्हरक्लॉक करणाऱ्याचं भांडवल. जगातले सगळे प्रोसेसर छापील आकड्यालाच बंद पडले असते, तर हा छंद जन्मालाच आला नसता.

1992 मध्ये इंटेलच्या 486 डीएक्स2 नं हिशोब बदलला. बोर्डाचा ठोका 33 आणि प्रोसेसरचा त्याच्या दुप्पट, 66. म्हणजे आता वेग हा दोन आकड्यांचा गुणाकार झाला: बोर्डाचा बस-वेग आणि प्रोसेसरचा मल्टिप्लायर. पेंटियमच्या काळात हे दोन्ही आकडे मदरबोर्डावरच्या जंपरनी ठरत. चिमट्यानं काळी टोपी एका काट्यावरून दुसऱ्यावर नेली की 133 चा पेंटियम 166 होई. इथून मदरबोर्डाची निवड महत्त्वाची झाली, कारण कुठला वेग मिळू शकेल हे आता बोर्ड ठरवू लागला. त्या वेळच्या सॉकेट 7 बोर्डात इंटेलचा पेंटियम बसे, एएमडीचा के6 बसे, सायरिक्सचाही बसे. मराठी वाचकाला यातला एक धागा जवळचा वाटेल. विनोद धाम यांचा जन्म पुण्यातला. इंटेलमध्ये पेंटियमच्या बांधणीचं नेतृत्व त्यांनी केलं, नंतर नेक्सजेनमधून ते एएमडीत आले आणि के6 च्या कामात राहिले. एकाच खोबणीत बसणाऱ्या दोन प्रतिस्पर्धी चिपांशी एकाच माणसाचं नाव जोडलेलं आहे.

जंपरचा फायदा लबाडांनीही घेतला. हलक्या चिपवरचा आकडा पुसून वरचा छापायचा आणि महाग विकायची, असा धंदा जगभर चालला. इंटेलनं 1998 च्या सुमारास मल्टिप्लायरला कुलूप घातलं. त्यामागे ही फसवणूक थांबवणं हे एक कारण होतं, आणि आपल्याच महाग चिपांची विक्री राखणं हे दुसरं, असं मला वाटतं. पण बस-वेग अजून मोकळा होता. त्यातूनच या इतिहासातलं सर्वांत सुंदर प्रकरण घडलं.

ऑगस्ट 1998 मध्ये सेलेरॉन 300ए आला. स्वस्त, घरगुती, 66 च्या बसवर साडेचार पट, म्हणजे 300 मेगाहर्ट्झ. पण त्याच्या पोटात 128 किलोबाइटची कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेली जलद मेमरी, होती आणि ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगानं चालत होती. महागड्या पेंटियम टू मध्ये कॅश 512 किलोबाइटची, पण अर्ध्या वेगाची. त्याच वर्षी आलेला 440बीएक्स चिपसेट 100 मेगाहर्ट्झची बस देत होता. अबिटच्या बीएच6 सारख्या बोर्डात जंपरही नव्हते. बायोसच्या पडद्यावर 66 च्या जागी 100 निवडायचं. साडेचार गुणिले 100, म्हणजे 450. असंख्य 300ए हा वेग वर्षानुवर्षं पेलत राहिले, आणि अनेक कामांत इंटेलच्या सर्वांत महाग घरगुती चिपच्या बरोबरीला आले. दीडपट वेग, तोही जवळजवळ फुकट. बोर्ड आणि प्रोसेसर यांची जोडी म्हणून निवड करायची, हा धडा तिथून रुजला. पुढच्या वर्षी अबिटनं बीपी6 हा दोन सेलेरॉन बसणारा बोर्डही काढला. ही कंपनी 2008 च्या अखेरीस बंद झाली, तरी घरगुती बोर्डावर बायोसमधून वेग बदलण्याची रीत तिनं रुळवली, हे श्रेय तिचंच.

2000 मध्ये एएमडीचे थंडरबर्ड आणि ड्युरॉन आले. त्यांचा मल्टिप्लायर चिपच्या पृष्ठभागावरच्या बारीक पुलांनी ठरत असे. तुटलेले पूल शिशाच्या पेन्सिलीनं जोडले की कुलूप उघडे. पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटमधून वीज जाते, एवढाच त्यामागचा चमत्कार. शाळेच्या दप्तरातल्या वस्तूनं प्रोसेसर मोकळा व्हावा, असा काळ पुन्हा आला नाही.

मग भिंत आली. चिपची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. वेग 10 टक्के वाढवला आणि त्यासाठी व्होल्टेजही 10 टक्के वाढवावं लागलं, तर उष्णता 33 टक्क्यांनी वाढते. ऑक्टोबर 2004 मध्ये इंटेलनं 4 गिगाहर्ट्झचा पेंटियम 4 रद्द केला. वेगाऐवजी कोअर वाढू लागले. नोव्हेंबर 2008 च्या कोअर आय7 मध्ये टर्बो बूस्ट आलं: तापमान आणि विजेची परवानगी असेल तोवर चिप स्वतःच वेग वाढवू लागली. शिल्लक वापरण्याचं काम गिऱ्हाइकाकडून कंपनीनं आपल्याकडे घेतलं, ते इथे.

जानेवारी 2011 मध्ये सँडी ब्रिज आला आणि बसचा मार्गही बंद झाला. 100 मेगाहर्ट्झच्या एकाच मूळ ठोक्याला बोर्डावरचं जवळजवळ सगळं बांधलेलं, त्यामुळे तो थोडा हलवला तरी बाकीची यंत्रणा डळमळे. मोकळा मल्टिप्लायर हवा असेल तर नावात के अक्षर असलेली चिप घ्या, 2500के किंवा 2600के, आणि तो फिरवू देणारा पी67 चा बोर्ड घ्या. एच67 वर ती सोय नाही. त्याच वर्षी झेड68 आला आणि तेव्हापासून इंटेलच्या घरगुती बोर्डांत झेड म्हणजे परवाना. एएमडीनं 2017 मध्ये रायझन आणताना उलटी भूमिका घेतली: जवळजवळ सगळ्या चिपा मोकळ्या, आणि मधल्या दरातले बी मालिकेचे बोर्डही चालतील, फक्त ए320 सारखे तळाचे बोर्ड नाहीत. गिऱ्हाइकाच्या बाजूनं पाहिलं तर हीच भूमिका मला न्याय्य वाटते.

गेल्या काही वर्षांत कंपन्यांनी उरलीसुरली शिल्लकही स्वतःच खर्च केली. जानेवारी 2023 मध्ये इंटेलची 13900केएस ही चिप पेटीतूनच 6 गिगाहर्ट्झ घेऊन आली. 2024 मध्ये तेराव्या-चौदाव्या पिढीच्या अनेक चिपा गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत झिजल्याचं उघड झालं. इंटेलला ऑगस्टमध्ये मायक्रोकोड बदलावा लागला आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. 2023 मध्ये एएमडीच्या काही एक्स3डी चिपा जळाल्या आणि बोर्डांचं एसओसी व्होल्टेज 1.3 व्होल्टला अडवावं लागलं. आकड्यात जागा का ठेवायची असते, ते या दोन वर्षांनी सगळ्यांना दाखवलं. द्रव हीलियम ओतून 9 गिगाहर्ट्झ गाठणारे विक्रमवीर वेगळे. त्यांची चिप काही क्षण जगवायची असते, घरची काही वर्षं.

म्हणून उज्जैनच्या घरात निवड करताना मी ऋतूपासून सुरुवात करीन. मे महिन्यात इथे पारा 42 अंशांवर जातो. 28 अंशांच्या वातानुकूलित खोलीत तपासलेला प्रोसेसरचा कूलर इथल्या खोलीत जवळजवळ 14 अंश जास्त दाखवतो, आणि आजच्या बऱ्याच चिपा 95 ते 100 अंशांच्या आसपास स्वतःच वेग उतरवतात. जानेवारीत टिकलेलं ओव्हरक्लॉक मे महिन्यात टिकेलच असं नाही. चाचणी उन्हाळ्यातल्या दुपारी घ्यावी. खोली गार करणाऱ्या पाण्याच्या कूलरचा झोत कॅबिनेटवर सोडू नये, त्यातली आर्द्रता आणि धूळ दोन्ही आत जातात.

बोर्डावर पैसे कुठे जातात ते पाहावं. दिवे आणि काचेचे मुखवटे नकोत. प्रोसेसरला वीज पोचवणारा भाग, ज्याला व्हीआरएम म्हणतात, तो भक्कम हवा आणि त्यावर जाड धातूची हीटसिंक हवी, कारण उन्हाळ्यात तो भागही चांगलाच तापतो. इंटेलची के चिप घेऊन बी मालिकेचा बोर्ड घेतला, तर मल्टिप्लायर फिरवता येत नाही आणि के चे जास्तीचे पैसे वाया जातात. झेड बोर्डावर साधी चिप बसवली तर बोर्डाचे. एएमडीकडे बी650 सारखा मधला बोर्ड पुरतो. मेमरीवर लिहिलेला वेग आपोआप मिळत नाही. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्सपो चालू करावं लागतं, आणि कित्येक घरांत ते बंदच राहिलेलं असतं. पॉवर सप्लाय बेनाव घेऊ नका. जास्त वेगानं चालवताना बिघडलेली चिप वॉरंटीत बसत नाही, ही अट खरेदीआधी वाचून घ्या.

आणि वेग वाढवण्याआधी व्होल्टेज उतरवून पाहा. रायझनच्या बायोसमधल्या कर्व्ह ऑप्टिमायझरनं थोडं व्होल्टेज कमी केलं की चिप थंड राहते, आणि थंड राहिली की आपणहून जलद धावते. 300ए सारखी दीडपट शिल्लक आता कुठल्याच पेटीत मिळणार नाही. माळव्याच्या उन्हात आज जे काही हाती लागतं, ते बहुतेक याच वाटेनं लागतं.