एक नोंद, दोन हात : पन्हाळ्यावरील दुहेरी अधिकार आणि फाइलव्यवस्थेतील ‘रेस कंडिशन’

एखादी नोंद एकच हात लिहीत असतो, तेव्हा तिच्या खरेपणाचा प्रश्न हा त्या हाताच्या प्रामाणिकपणाचा व कौशल्याचा प्रश्न असतो. त्याच नोंदीवर दोन हात एकाच वेळी लिहू लागले की प्रश्नाचे स्वरूप पालटते. दोघेही प्रामाणिक, दोघांचेही नियम निर्दोष, आणि तरीही नोंद बिघडलेली, अशी स्थिती मग संभवते. संगणकशास्त्रात या दोषास ‘रेस कंडिशन’ अशी संज्ञा आहे. कामाचा परिणाम कामाच्या आशयावर अवलंबून न राहता कोणाचे पाऊल आधी पडले या योगायोगावर अवलंबून राहणे, हे त्याचे लक्षण होय. हा दोष संगणकाबरोबर जन्मास आला, असे मात्र नाही. पन्हाळ्याच्या इतिहासात त्याचे एक ठळक पूर्वरूप आढळते.

संभाजी महाराजांच्या वधानंतर इ. स. १६८९ मध्ये राजाराम महाराज पन्हाळ्याहून निघून जिंजीस गेले. महाराष्ट्रातील कारभार रामचंद्रपंत अमात्यांकडे आला व त्यांस ‘हुकूमतपन्हा’ हा किताब मिळाला. राजा जिंजीस आणि कारभारी पन्हाळा-विशाळगडच्या मुलखात, अशी ही व्यवस्था होती. दोहोंमध्ये शेकडो मैलांचे अंतर आणि वाटेत मोगलांच्या फौजा होत्या. वतनाच्या सनदा दोन्ही ठिकाणांहून निघू शकत. शिवाय मोगल बादशाहीही त्याच वतनदारांस आपल्या सनदा देऊ करीत होती. वतनाचा वाद चालू असता एक पक्ष एका दरबारी व दुसरा पक्ष दुसऱ्या दरबारी गेला, तर प्रत्येक ठिकाणी समोर ठेवलेल्या कागदांपुरता निर्णय न्याय्य ठरे. पण दोन्ही निर्णय एका गावात पोहोचताच त्यांचा मेळ बसत नसे.

इ. स. १७०७ मध्ये शाहू महाराजांची सुटका झाल्यावर या दुहेरीपणास निराळे रूप आले. साताऱ्यास शाहू महाराज, तर पन्हाळ्यास महाराणी ताराबाई व पुढे १७१४ पासून दुसरे संभाजी महाराज, अशी दोन छत्रपतिपदे एकाच स्वराज्याचा वारसा सांगू लागली. सरदेशमुखी, चौथ आणि सरदारांची चाकरी यांवर दोघांचाही हक्क सांगितला जाई, आणि सरदारांस सोयीप्रमाणे धनी निवडता येई. याच काळात, इ. स. १७१५ मध्ये, रामचंद्रपंतांच्या नावे असलेले ‘आज्ञापत्र’ तयार झाले. वतनदारांवर अंकुश ठेवावा, जमीन इनाम देण्याची सढळ प्रवृत्ती आवरावी, हा त्यातील आग्रह त्यामागील अनुभवाच्या प्रकाशात वाचला पाहिजे.

अखेरीस १३ एप्रिल १७३१ रोजी झालेल्या वारणेच्या तहाने हा प्रश्न सुटला. दोहोंपैकी कोणाचा हक्क खरा, या वादात तहाने फारसे न शिरता वारणा-कृष्णेच्या दक्षिणेचा तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख कोल्हापूरकरांकडे ठेवला आणि एकाच्या चाकरांस दुसऱ्याने आश्रय देऊ नये असे ठरविले. सामाईक नोंदच उरू दिली नाही, हे या तहाचे मर्म होय.

संगणकाच्या क्षेत्रात हा प्रश्न प्रथम नेमकेपणाने मांडण्याचे श्रेय डच शास्त्रज्ञ एड्स्गर डायक्स्ट्रा यांच्या १९६५ मधील लेखनास द्यावे लागते. एका वेळी एकानेच नाजूक भागात शिरावे, ही अट केवळ वाचन-लेखनाच्या साध्या क्रियांनी कशी पाळता येईल, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे संगणकात एकाहून अधिक प्रोसेसर आले आणि हा प्रश्न ऑपरेटिंग सिस्टिमच्या अंतर्भागात, विशेषतः फाइलव्यवस्थेच्या ड्रायव्हरांत, रोजचा झाला.

एक उदाहरण पाहू. ‘क’ व ‘ख’ असे दोन फोल्डर शेजारी आहेत. पहिली प्रक्रिया ‘क’ला ‘ख’मध्ये हलवू पाहते; त्याच क्षणी दुसरी प्रक्रिया ‘ख’ला ‘क’मध्ये हलवू पाहते. कोणताही फोल्डर स्वतःच्याच पोटात जाऊ नये, हा नियम दोघीही तपासतात. तपासणीच्या क्षणी दोन्ही फोल्डर स्वतंत्र असल्याने दोघींनाही अनुमती मिळते. मग दोघीही हलवाहलव करतात. परिणामी ‘क’ हा ‘ख’मध्ये व ‘ख’ हा ‘क’मध्ये असे एक वर्तुळ तयार होते आणि मूळ वृक्षाशी त्याचा संबंध तुटतो. आतील सर्व फाइली डिस्कवर असूनही कोणत्याही वाटेने सापडत नाहीत. दोष दोहोंपैकी एकाही तपासणीत नसून तपासणी व कृती यांच्यामधील मोकळ्या क्षणात आहे.

लिनक्सने यावर योजलेला उपाय साधा आहे. एका फोल्डरातून दुसऱ्या फोल्डरात हलविण्याचे काम प्रत्येक फाइलव्यवस्थेत एका वेळी एकच चालेल असे स्वतंत्र कुलूप ठेवले गेले. तपासणी व कृती दोन्ही त्या कुलपाच्या आत होतात. मात्र कुलपांचीही किंमत असते. दोन प्रक्रियांनी दोन कुलपे उलट क्रमाने घेतली, तर दोघीही एकमेकींची वाट पाहत कायमच्या थांबतात. म्हणून आधी पूर्वज फोल्डर, मग वंशज, असा क्रमही ठरवून द्यावा लागतो. लिनक्समध्ये १९९६ साली बहुप्रोसेसर यंत्रांसाठी सर्व अंतर्भागास मिळून एकच मोठे कुलूप घातले होते. ते सुरक्षित होते, पण त्याने प्रोसेसर एकामागे एक ताटकळत. अनेक ड्रायव्हर एकेक करून तपासून, त्यांस स्वतःची लहान कुलपे देऊन, ते मोठे कुलूप २०११ मध्ये पूर्णपणे काढण्यात आले. या कामास पंधरा वर्षे लागली, यावरूनच त्याची अवघडता ध्यानी येते.

येथे तुलनेची मर्यादाही सांगणे अवश्य आहे. वतनाच्या भांडणात पक्षकार जाणूनबुजून दोन दरबारांमधील फट हेरीत. यंत्रातील प्रक्रियांस हेतू नसतो. तरी यंत्रातील फट हेरणारा मनुष्य असतोच. २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या ‘डर्टी काउ’ या दोषात लिनक्सच्या स्मृतिव्यवस्थेतील अशाच मोकळ्या क्षणाचा लाभ घेऊन, केवळ वाचण्याची मुभा असलेल्या फाइलीवर सामान्य वापरकर्त्यास लिहिता येत होते. लेखन खाजगी प्रतीवर व्हावयाचे. पण मधल्या क्षणी ती प्रत टाकून दिली, की ते मूळ फाइलीवर पडे. हजारो वेळा प्रयत्न करून हा क्षण गाठता येई. हा दोष २००७ पासून तेथे होता. खाजगी प्रत केल्याची खूण वेगळी जपणे व लिहिण्यापूर्वी ती प्रत अद्याप टिकून आहे हे पाहणे, एवढाच त्यावरील उपाय होता.

पन्हाळा तालुक्यातील शेतजमिनीची नोंद आज सातबाऱ्यावर असते, आणि ती बदलण्याची रीत या दृष्टीने अभ्यसनीय आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ नुसार बदल प्रथम फेरफार नोंदवहीत क्रमांकाने लिहिला जातो, हितसंबंधितांस नोटीस जाते, हरकत आल्यास ती वेगळी नोंदली जाते, आणि प्रमाणित झाल्यावरच नोंद पक्की होते. एकच जमीन दोघांस विकली गेल्यास १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा सामान्यतः आधीच्या हक्कास प्राधान्य देतो. म्हणजे येथे क्रम ठरविण्याचे काम योगायोगावर सोडलेले नाही.

वारणेचा तह, फोल्डरांचे कुलूप व फेरफाराचा क्रमांक हे तीन उपाय भिन्न आहेत. पहिला सामाईकपणा नाहीसा करतो, दुसरा एकास थांबवून ठेवतो, तिसरा सर्वांस एका क्रमात बसवितो. तिघांच्याही मुळाशी एकच जाणीव दिसते : प्रत्येक लेखक निर्दोष असणे नोंदीच्या रक्षणास पुरेसे नाही, लेखकांमधील क्रम आधीच ठरलेला असावा लागतो. तो न ठरल्याची किंमत जिंजीच्या काळात गावोगावच्या वतनदारांनी आणि रयतेने मोजली. फाइलव्यवस्थेत ती किंमत अशा मनुष्यास मोजावी लागते, ज्यास आपली फाइल का सापडत नाही, हे कधी कळतही नाही.