'एक अनेक और एकता' : सूर, भाव आणि अध्यापन

अॅनिमेशनपटातील संगीताचा विचार आपल्याकडे बहुधा चित्राच्या अलंकरणाच्या अंगाने होतो. आधी दृश्य, मग त्याला पोषक सूर, हा क्रम वर्गातही गृहीत धरला जातो. निर्मितीची प्रक्रिया या क्रमाला दुजोरा देत नाही. मूकपटांच्या काळात भाव निश्चित करण्याचे काम प्रेक्षागृहातील वादकांकडे असे. बोलपटानंतर गीताधारित अॅनिमेशनपटात सामान्यतः ध्वनिमुद्रण आधी होऊ लागले. सेकंदाला २४ चौकटी या हिशेबाने अर्ध्या सेकंदाची मात्रा म्हणजे १२ चौकटी. चित्रकार पात्राचे पाऊल त्या मात्रेवर टाकतो. येथे सूर दृश्याचा अनुचर नसून त्याचा आराखडा असतो.

या दृष्टीने 'एक अनेक और एकता' (१९७४) पुन्हा वाचण्याजोगा आहे. दिग्दर्शन विजया मुळे यांचे, चित्रांकन भीमसेन यांचे, संगीत वसंत देसाई यांचे. देसाई 'प्रभात'च्या तालमीतून आलेले. शाळकरी मुलांच्या समूहगानाचा त्यांना ध्यास होता. (त्यांच्या चित्रपटगीतांच्या लौकिकात ही बाजू झाकोळली गेली.) जाळ्यासह उडणाऱ्या पक्ष्यांची कथा पंचतंत्रातील चित्रग्रीवाची, म्हणजे तात्पर्य आधीच ठरलेली. तरीही चित्रपट तात्पर्यकथेसारखा ऐकू येत नाही. 'अनेक' म्हणजे काय हे मुलाला कळत नाही. तारे अनेक म्हटल्यावर ताऱ्यांचेच नाव 'अनेक' असावे, अशी त्याची समजूत होते. गीत त्या शंकेसाठी थांबते, बोलू लागते, पुन्हा सुरात शिरते.

हे थांबणे मला फार महत्त्वाचे वाटते. जून १९७५ मध्ये आणीबाणी आली आणि एकतेची हाक शासकीय घोषणांतूनही ऐकू येऊ लागली. शब्दार्थ जवळजवळ तोच. भाव मात्र भिन्न. घोषणेत शंकेला जागा नसते, या रचनेत ती लयीचाच भाग होते. अर्थात गोड चालीमुळे विधान निर्विवाद वाटू लागते, हा धोका येथेही आहेच. संगीत भाव घडवते एवढेच सांगून थांबणारा अध्यापक या धोक्याकडे पाठ फिरवतो. चित्राची हालचाल निमूटपणे सुरात उतरवणाऱ्या चित्रपटसंगीतावर आइस्लर आणि अडोर्नो यांनी १९४७ च्या ग्रंथात टीका केली. तिचा रोख अशाच सुखद, बिनतक्रार ऐकण्याकडे होता.

म्हणून हा चित्रपट वर्गात दोनदा दाखवावा : एकदा आवाज बंद करून, एकदा पडदा झाकून. पक्ष्यांचे भय नेमके कोठे संपते, हे दोन्ही वेळी लिहून घ्यावे. दोन्ही खुणा एकाच जागी पडतील असे नाही. चर्चा त्या अंतरापासून सुरू करता येते.