आयव्हरी की ऑफ-व्हाइट?

शेडकार्डावर शेजारी शेजारी दिसणारे 'आयव्हरी' आणि 'ऑफ-व्हाइट' हे रंग प्रथमदर्शनी एकसारखेच वाटतात. घर रंगवून झाल्यावर मात्र एक भिंत पिवळट आणि दुसरी मळकट दिसू लागते. तोवर रंगाचे पैसे आणि रंगाऱ्याची मजुरी दोन्ही खर्ची पडलेले असते.

फरक असतो तो मूळ रंगात मिसळलेल्या झाकेचा. दोन्हींचा पाया टायटॅनियम डायऑक्साइड या पांढऱ्या रंगद्रव्याचाच असतो. आयव्हरीत पिवळी झाक असते. ऑफ-व्हाइट या नावाखाली अनेक छटा मिळतात. त्यांपैकी राखाडी झाकेच्या छटेत किंचित काळे रंगद्रव्य असते. ही झाक कार्डावरच्या इंचभर चौकोनात लपून राहते. खोलीत मात्र समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर प्रकाश परावर्तित करतात आणि ती अधिक गडद भासते.

खोलीची दिशा येथे निर्णायक ठरते. उत्तरेकडील खोलीत थेट ऊन फारसे येत नाही; आकाशाच्या निळसर उजेडात राखाडी झाक अधिकच थंड व उदास वाटते. अशा खोलीस आयव्हरी ऊब देते. पश्चिमेच्या खोलीत संध्याकाळच्या तांबूस उन्हात आयव्हरी गडद पिवळी दिसते. तेथे राखाडी झाकेचा ऑफ-व्हाइट समतोल राखतो.

दिव्यांचाही विचार हवा. सुमारे ६५०० केल्विनच्या शुभ्र दिव्याखाली राखाडी झाक उठून दिसते, तर २७०० ते ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली आयव्हरीचा पिवळेपणा वाढतो. फरशीकडेही दुर्लक्ष नको. क्रीम रंगाच्या फरशीलगत राखाडी भिंत मळकी भासते, तर शुभ्र फरशीलगत आयव्हरी जुनाट वाटते.

म्हणून निवड कार्डावरून नव्हे, भिंतीवरून करावी. दोन्ही रंगांचे छोटे डबे आणून, प्राइमर लावलेल्या दोन वेगवेगळ्या भिंतींवर दोन-दोन फुटांचे चौकोन रंगवावेत. दोन हात देऊन ते पूर्ण वाळू द्यावेत. इमल्शन वाळल्यावर सहसा किंचित गडद होते. मग सकाळी, दुपारी आणि रात्री दिवे लावून ते पाहावेत. रंग ठरला की त्याचा क्रमांक लिहून ठेवावा आणि संपूर्ण खोलीसाठी लागणारा रंग एकाच वेळी घ्यावा. नंतर आणलेल्या डब्यातील छटा तंतोतंत जुळेलच, याची खात्री नसते.